काकूची युनानी राणी

कुसुमचं लग्न लागलं तेव्हा तिची आई, म्हणजे माझी काकू, बरकतपुऱ्यातल्या घरी अंबाडीची पानं खुडत बसली होती. रंगनाथकाका, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मुलीला बिदरकडच्या एका देशमुखांच्या घरी नुसती दाखवून आणतो म्हणून घेऊन गेले होते. मुलगा देशमुखांचा पुतण्या, वकिलीचा अभ्यास करतो, माणसं मोकळी आहेत, असं त्यांनी सांगितलं होतं. काकूनं आपली जांभळी इरकली कुसुमला नेसवली आणि वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या. काका परतले ते एकटेच. दारातच पेढ्यांचा पुडा काकूच्या हातात देऊन म्हणाले की मुहूर्त चांगला मिळाला, तेव्हा लावूनच टाकलं. पुतण्याशी नव्हे, खुद्द देशमुखांशी. देशमुख बिजवर, चाळिशी उलटलेले. पण त्यांचे मामेभाऊ मालगुजारीच्या महकम्यात, म्हणजे महसूल खात्यात, मोठ्या खुर्चीवर होते आणि काकांना तालुकदार व्हायचं होतं, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर. पेढ्यांचा पुडा काकूनं तसाच नेऊन म्हशीच्या घमेल्यात उपडा केला.

त्या घरात आम्ही काकांच्या आश्रयानं राहत होतो. माझे वडील शाळामास्तर, स्वभावानं इतके भिडस्त की थोरल्या भावासमोर खोकलासुद्धा गिळून टाकत. काकांचं सगळं मात्र मोठ्या आवाजात चाले. सकाळी शेरवानी चढवताना ते उर्दूतून नोकराला हाका मारत, संध्याकाळी डोक्यावरची दरबारी दस्तार खुंटीवर ठेवताना मराठीतून काकूला. मधल्या वेळात घर बायकांचं असे. काचीगुड्याच्या स्टेशनावर इंजिनं शिट्ट्या घालत, मागच्या गल्लीत लोहाराचा भाता चाले आणि आम्ही मागल्या पडवीत वर्षाची चिंच फोडायला बसत असू. स्वयंपाकात आंबट नाही तर जेवण नाही, अशी त्या घराची रीत. खट्टी दाळ, ज्वारीची भाकरी, तळलेली मिरची. कुसुम होती तोवर चिंचोके काढून आम्ही दोघी एकमेकींच्या ओच्यात टाकत असू. ती गेल्यावर मी तिच्या जागी बसायला लागले आणि माझी जागा रिकामी राहू लागली.

झेहराआपा त्याच पडवीत यायच्या. त्या माझ्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि आमच्या मागच्याच गल्लीत भावाबरोबर राहायच्या. त्यांना जगात एकच वेड होतं, ग्रीस देशातल्या जुन्या कथांचं. कॉलेजात असताना त्यांनी त्या वाचल्या होत्या आणि आता कुणालातरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. ग्रीसला त्या युनान म्हणत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “आज युनानी किस्सा सुनाती मैं,” तेव्हा काकूला वाटलं हकिमाच्या औषधाबद्दल काही सांगणार आहेत, आणि तिनं आपल्या गुडघेदुखीवर काही असलं तर आधी तेच सांगा म्हटलं. आपा इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काकूनं त्यांच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या कपात पाणी दिलं. हे असं होतं त्या काळात, लपवून काय करू.

माझी नात आता दिलसुखनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोबाईलवर ह्याच कथा वाचत असते. परदेशातल्या मुली त्या नव्यानं लिहितात म्हणे. ज्या बाया जुन्या गोष्टीत दुष्ट ठरल्या त्यांच्या बाजूनं लिहितात, शेवट बदलतात, आणि जगभरच्या मुली त्यावर भांडतात. तीही लिहिते, इंग्रजीत. मराठी तिला धड वाचता येत नाही, म्हणून हे प्रकरण मीच तिला वाचून दाखवणार आहे. तुम्ही आज करता ते आमच्या पडवीत होऊन गेलंय, असं मी म्हटलं तर तिला पटत नाही.

कुसुमच्या लग्नानंतर एका दुपारी आपांनी ज्या राणीची गोष्ट सांगितली तिचं युनानी नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही तिला नुसतं राणी म्हणायला लागलो. तिचा नवरा राजा. त्याला समुद्रापार लढाईला जायचं होतं, फौज किनाऱ्यावर बसली होती आणि वारा पडला होता. देवीला मुलीचा बळी दे, वारा सुटेल, असं ज्योतिष्यानं सांगितलं. राजानं घरी निरोप धाडला की पोरीला घेऊन ये, एका शूर वीराशी तिचं लग्न ठरवलंय. आपा नेहमीच्या रंगात सांगत होत्या. कुसुमचं लग्न कसं झालं ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी काकूकडे पाहिलं. चिंच फोडायचा बत्ता तिच्या हातात तसाच थांबला होता.

“लग्न म्हणून नेलं?” काकूनं विचारलं.

“हौ. दुल्हन बना को.”

काकूनं बत्ता खाली ठेवला आणि पुढचं सांगा म्हणाली. आपांनी सांगितलं. बळी दिला, वारा सुटला, राजा लढाई जिंकून दहा वर्षांनी विजयाच्या थाटात परत आला आणि राणीनं त्याला न्हाणीघरात जाळं टाकून मारलं. युनानी लोक त्या राणीला फार वाईट बाई समजतात, असंही आपा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आपा आल्या तेव्हा काकूनं दुसरी कुठली गोष्ट सुरूच करू दिली नाही. राणी त्या दहा वर्षांत काय करत होती, तिला कुणी बहीण होती का, लोकांत ती काय बोलत होती, हे सगळं तिला पाहिजे होतं. आपांना माहीत नसेल तिथं ती स्वतः भर घालायची. राणी सकाळी उठून काय करत असेल, कुणी राजाचं कौतुक केलं की कशी मान हलवत असेल, हे ती असं सांगायची की आपा पुस्तक विसरून ऐकत राहायच्या. शेजारच्या बायकाही येऊन बसू लागल्या. एक म्हणायची नवरा मारणं पाप, दुसरी म्हणायची पोर मारणं मग काय, आणि चिंचेची पाटी संपली तरी वाद संपत नसे.

मग ते वाईट वर्ष आलं. संस्थान राहणार की विलीन होणार यावरून दंगली पेटल्या होत्या. रेल्वेनं लोक सोलापूरकडे निघून जात होते, टपाल येईनासं झालं होतं, आणि ज्यानं बायकामुलं बाहेर हलवली तो सरकारी नोकर बेइमान, अशी नोंद होते असं महकम्यात बोललं जाई. बिदरकडून काहीच कळत नव्हतं. काकू रोज विचारायची. एक दिवस काका कचेरीतून लवकर आले, पाय धुतले आणि म्हणाले की कुसुम आणि घरची सगळी मंडळी सुखरूप सोलापूरला पोचली आहेत, आता काळजीचं कारण नाही. काकूनं त्या दिवशी पुरण घातलं.

त्याच सुमारास आपांनी आणखी एक गोष्ट सांगितली. राजाची पोर मेलीच नव्हती असं सांगणारेही आहेत. सुरी चालली त्या क्षणी देवीनं तिला उचलून दूर देशी नेलं आणि तिच्या जागी हरिण ठेवलं. मी तेव्हा सतरा वर्षांची, शहाणपणा अंगात मावत नव्हता. मी म्हटलं, हे सगळं आईची समजूत घालायला रचलेलं आहे, हरिण कुणी पाहिलं? काकू माझ्यावर एवढी संतापली की तिनं मला पडवीतून उठवलं. देवीला काय अशक्य आहे, म्हणाली. पोर कुठंतरी सुखात आहे आणि तुला ते बघवत नाही. आपांनी मधे पडून समजूत घातली, “ऐसा बी बोलते, वैसा बी बोलते.” पुढं कित्येक दिवस काकूच्या गोष्टीत हरिण होतं.

संस्थान विलीन करायला लष्कर आलं, आणि चार दिवसांत सगळं पालटलं. ज्यांच्या दारावरून जाताना आम्ही मान खाली घालत होतो त्यांची दारं बंद झाली. आपांच्या भावाची नोकरी गेली. आपा शाळेत जाताना रस्ता बदलून जाऊ लागल्या. काकांनी दस्तार ट्रंकेत टाकली आणि पांढरी टोपी आणवली. ती त्यांना जरा मोठी होत होती.

सगळं निवल्यावर एका दुपारी एक विधवा बाई आमच्या दाराशी आली. देशमुखांची बहीण, गोदाबाई. काचीगुड्यात नातेवाइकांकडे आली होती, म्हणून भेटायला आली. तिच्या हातात काकूची जांभळी इरकली होती, धुऊन घडी केलेली. बसल्या बसल्या ती रडायला लागली आणि म्हणाली, “तुमची वस्तू तुमच्याकडे असावी म्हणून आणली. पोर गुणाची होती हो. बाळसुद्धा हाती लागलं नाही.”

काकू म्हणाली, “कसलं बाळ?”

गोदाबाईंना वाटत होतं की इथं सगळं ठाऊक आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते मी भिंतीला टेकून ऐकलं. कुसुमला सातवा लागल्यापासून ती माहेरी जायचं म्हणत होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. देशमुखांनी माणूस धाडला. काकांनी त्याला बाहेरच्या बाहेर सांगितलं की दिवस वाईट आहेत, घरातली माणसं इकडून तिकडे केली की डोळ्यांवर येतं, माझ्या तालुकदारीचा हुकूम निघायचा आहे, थोडं थांबा. पुन्हा माणूस आला, पुन्हा तेच. मग वेळेआधी कळा सुरू झाल्या, रस्ते बंद, डॉक्टर गाव सोडून गेलेला. ती गेल्याचं सांगायलाही माणूस आला होता. काका त्याला कचेरीतच भेटले होते. सोलापूरची बातमी त्यांनी घरी आणली ती त्याच दिवशी. त्यानंतर ते दौऱ्यावर म्हणून नांदेडला गेले होते, ते आम्हाला आठवलं. गोदावरीत सुतकाचं स्नान करून आले असतील.

गोदाबाई गेल्यावर काकूनं ती इरकली मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “तू म्हणत होतीस ते खरं. हरिण नव्हतं.” मी तिच्या पाया पडले, का ते मला आजही सांगता येत नाही. संध्याकाळी काका आले तेव्हा तिनं त्यांना एवढंच विचारलं की तुम्हाला माहीत होतं ना. तुला सोसलं नसतं, असं ते म्हणाले. मग जेवायला बसले. तिनं वाढलं.

मला त्यांचा खरा राग आला तो पुढच्या महिन्यात. कुसुम गेल्याचं आता लपणार नव्हतं, तेव्हा काकांनी त्याचाही उपयोग केला. नव्या राज्यात कोण आपला आणि कोण परका ह्याची चाळण चालली होती. काका जाईल तिथं सांगू लागले की माझी मुलगी दंगलीत बळी गेली, ह्या मातीसाठी मी पोटची पोर दिली. लोक त्यांचे हात हातात घेत. अफझलगंजात ग्रंथालयापासून जवळच एक दिवाणखाना होता. तिथं ज्यांनी सोसलं त्यांचा सत्कार ठरला आणि त्यात काकांचं नाव पहिलं. सत्कारानंतर मुलींचा काही कार्यक्रम असावा असं ठरलं तेव्हा काकांनी मला बोलावून घेतलं. पडवीतली युनानी गोष्ट त्यांच्या कानावर वर्षभर पडत होती. म्हणाले, ती राजाची गोष्ट बसवा. देशाच्या फौजेसाठी स्वतःची मुलगी देणारा बाप, असा त्याग आपल्या पुराणांतही नाही. इतक्या दिवसांत त्यांनी त्या गोष्टीतून हे उचललं होतं.

मी काकूकडे पाहिलं. “बसवू की,” ती म्हणाली.

तालमी आमच्याच पडवीत झाल्या. आपा घाबरल्या होत्या, माझं नाव कुठं घेऊ नका, म्हणाल्या, पण आल्या. काकूनं त्यांना फक्त शेवट पुन्हा विचारला. आपांनी जाळं, न्हाणीघर, कुऱ्हाड सगळं सांगितलं. काकू बराच वेळ चिंचेच्या शिरा ओढत राहिली. मग म्हणाली, “मारला की सुटला तो. माझी राणी मारणार नाही.” मग काय करणार, असं आपांनी विचारलं. “जगवणार. आणि सगळ्यांना सांगणार.” राणीचं बोलणं तिनं तोंडी रचलं आणि माझ्याकडून घोकून घेतलं. राजाचं काम माझ्या वर्गातल्या एका उंच मुलीकडे होतं. तिच्यासाठी काकूनं ट्रंकेतून काकांची दस्तार काढून दिली.

दिवाणखाना भरला होता. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. काकू बायकांच्या पहिल्या रांगेत गोदाबाईंना शेजारी घेऊन बसली होती. झेहराआपा मागं भिंतीशी उभ्या होत्या. काकूनं जाऊन त्यांना हाताला धरून पुढं आणलं आणि आपल्या दुसऱ्या बाजूला बसवलं. काहींनी वळून पाहिलं. काकांच्या गळ्यात हार पडला, त्यांनी मुलीबद्दल दोन शब्द बोलून डोळे पुसले, आणि मग चादरींचा पडदा सरकला. दस्तार घातलेला राजा पाहून आधी लोक हसले. वारा, ज्योतिषी, लग्नाचा खोटा निरोप, सगळं झालं. काका मान डोलवत होते. मी काकूचा हिरवा शालू नेसून राजासमोर उभी राहिले. वडील तिसऱ्या रांगेत बसलेले दिसत होते, आणि उद्या आपण कुठं राहणार हा विचारही मनात येऊन गेला. पण मला कुसुम आठवत होती.

“वाऱ्यासाठी पोर दिली म्हणता,” मी म्हटलं, “तो वारा फौजेला मिळाला की तुमच्या खुर्चीला? लग्न सांगून नेलीत, ते एक. पण तिचं पहिलं बाळंतपण होतं. तिला माहेरी न्या म्हणून दोनदा माणूस आला. त्याला दाराबाहेरून काय सांगून परत लावलंत, ते ह्या लोकांसमोर सांगा.”

युनानी राजाच्या मुलीचं कसलं बाळंतपण, असा प्रश्न तिथं कुणालाही पडला नाही. राजानं काय उत्तर द्यायचं ते काकूनं रचलंच नव्हतं. ती मुलगी दस्तार सावरत नुसती उभी राहिली. मग काकू उठली. आवाज न चढवता, जणू पाहुण्यांना जेवायला चला म्हणते तशी ती म्हणाली, “राजाकडे उत्तर नाही. ह्यांच्याकडे असेल.” तिनं काकांकडे बोट दाखवलं. “माझी कुसुम दंगलीत नाही मेली. ह्या देशमुखांच्या बहीण. खरंखोटं ह्यांना विचारा.”

काका उभे राहून म्हणाले की दुःखानं बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय. अध्यक्ष म्हातारे होते, त्यांनी काकांना बसायला सांगितलं आणि गोदाबाईंना विचारलं. गोदाबाईंनी पदर सावरून, अडखळत, पण सगळं सांगितलं. लोक एकेक करून उठले आणि काकांच्या समोरून न बोलता बाहेर गेले. मला त्या वेळी जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होऊ नये असा होता. तो मी आजही परत करायला तयार नाही.

त्या रात्री काकांनी वडिलांना घर सोडायला सांगितलं. वडील जातो म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून एवढा स्पष्ट शब्द मी प्रथमच ऐकला. अफझलगंजात दोन खोल्या मिळाल्या. तूही चल, म्हणून मी काकूच्या मागं लागले. ती म्हणाली, “मी गेले तर त्यांना बरंच होईल की.”

तालुकदारी मिळाली नाही. नव्या कचेरीत त्यांना कोपऱ्यातलं टेबल मिळालं आणि तिथूनच ते निवृत्त झाले. काकू त्यांचं सगळं करत होती. चहा, जेवण, कपडे, औषध. फक्त घरी कुणीही आलं, अगदी दूधवाला नवा असला तरी, की त्याला पाणी देऊन ती काकांच्या देखत कुसुमची हकीकत सांगायची. लग्न म्हणून नेली, दोनदा माणूस आला, आणला नाही, सोलापूर सांगितलं. रडायची नाही, विशेषण लावायची नाही. झाल्यावर चहा टाकायला आत जायची. काका आधी ओरडत, मग उठून जात, मग बसून राहू लागले. हळूहळू पाहुणे यायचे थांबले. झेहराआपा मात्र शेवटपर्यंत येत राहिल्या. एकदा त्यांनी मला हळूच म्हटलं की युनानवाल्यांनी नवऱ्याला मारून मोकळं केलं, ते ह्यापेक्षा रहमदिल होते. मला काकूचं पटत होतं. आता ह्या वयात कधी कधी वाटतं की ती शिक्षा दोघांनी मिळून भोगली. पण नातीनं त्यावरून मला उपदेश करायला घेतला की मी उठून जाते.

काकांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी संसारात होते. दवाखान्यात त्यांच्या उशाशी काकू आणि मी होतो. एक तरुण डॉक्टरीण तपासायला आली, आणि कागद भरता भरता तिनं सहज काकूला विचारलं की मुलंबाळं किती. काकूनं तोंड उघडलं. तेवढ्यात काका बोलले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. “एक मुलगी होती,” ते म्हणाले. “लग्न म्हणून नेली. दोनदा माणूस आला. मी आणली नाही.”

डॉक्टरीण गोंधळून आमच्याकडे पाहत राहिली. काकूनं काकांच्या ओठाच्या कडेची लाळ पदरानं टिपली. त्या दिवशी तिनं हकीकत सांगितली नाही. पुढं काका गेले, दिवसकार्य झालं, आणि घरात आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी तिला विचारलं की अखेरीला तू त्यांना माफ केलंस ना.

काकू भाताचं आधण बघत होती. “माफ कशाला करू?” ती म्हणाली. “त्यांचं पाठ झालं होतं. एवढंच.”